पोहे की धिरडं? मीटरलाच विचारलं

मला मधुमेह. उपाशीपोटीची रक्तातली साखर बरी, पण तीन महिन्यांची सरासरी काही उतरेना. म्हणून नाश्त्याआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी बोट टोचून मीटरवर साखर मोजायला लागलो. (हात धुऊनच, बोटाला फळाचा रस लागलेला असला तरी आकडा फुगतो.) गोळी तीच, चहा बिनसाखरेचा, एका दिवशी एकच पदार्थ. पोहे खाऊन 210, साबुदाण्याची खिचडी त्याच्याही वर. ओट्सचं कौतुक मला तरी पटलं नाही. मुगाचं धिरडं मात्र 150च्या आत! पोहे सुटणार नव्हतेच. मग पोहे निम्मे केले, शेंगदाणे-मटार वाढवले, सोबत उकडलेलं अंडं घेतलं. 165. डॉक्टरांनी सांगितलेली मर्यादा 180ची. वही बघून त्यांनी गोळी तशीच ठेवली.