जीआरईचं व्हर्बल: या चुका टाळा

जीआरई ही परदेशातल्या पदव्युत्तर शिक्षणासाठी द्यायची प्रवेश परीक्षा, आणि व्हर्बल हा तिचा इंग्रजी शब्द आणि वाचन तपासणारा भाग. त्यात सगळ्यात महागात पडणारी चूक वहीतच होते. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा एक मराठी शब्द, आणि मग घोकंपट्टी.

लातूरकडचा एक मुलगा माझ्याकडे शिकायला आला, तेव्हा त्याच्या अशा दोन वह्या भरलेल्या होत्या. कुठलंही पान उघडा, अर्थ तोंडपाठ. मी त्याला सेंटेन्स इक्विव्हॅलन्सचा एक प्रश्न घातला. या प्रकारात सहा पर्यायांतून असे दोन निवडायचे असतात की दोन्हींनी वाक्याचा अर्थ एकच व्हावा. वाक्याचा आशय असा होता, की व्याख्यान इतकं अमुक होतं की विषयाचा गंध नसलेल्यांनाही ते समजलं. त्याने 'ल्युसिड' आणि 'कँडिड' निवडले. बरोबर जोडी होती 'ल्युसिड' आणि 'पर्स्पिक्युअस'.

मी वही मागितली. ल्युसिडसमोर 'स्पष्ट'. कँडिडसमोर 'स्पष्ट'. चार पानं पुढे एक्सप्लिसिटसमोरही 'स्पष्ट'. मराठीत समजावणंही स्पष्ट असतं आणि तोंडावर सुनावणंही स्पष्टच असतं. इंग्रजीत मात्र ल्युसिड आणि पर्स्पिक्युअस म्हणजे सहज कळेल असं, आणि कँडिड म्हणजे आडपडदा न ठेवता बोललेलं. पाठांतर चोख होतं, तरी गुण शून्य, कारण दोनपैकी एक बरोबर आला म्हणून अर्धा गुण मिळत नाही. चार महिने खपला होता तो. त्या वह्या त्याला बाजूला ठेवायला सांगताना मला फार वाईट वाटलं.

माझी सवय सांगते. प्रत्येक शब्दाला एक पूर्ण इंग्रजी वाक्य, तेही आपल्या घरातलं, कॉलेजातलं. खाली आणखी एक वाक्य, जिथे तो शब्द बसेल असं वाटतं पण बसत नाही. दिवसाला पंधरा शब्द, त्याहून जास्त नाही. 'महिन्यात तीन हजार शब्द' असले व्हिडिओ पाहून आलेल्यांना हे फार संथ वाटतं. वाटू दे. त्यातले बरेच जण दुसऱ्यांदा परीक्षेला बसताना मी पाहिले आहेत.

ओळखीच्या शब्दांकडे दुर्लक्ष करू नका. 'क्वालिफाय' म्हटलं की आपल्याला पात्र ठरणं आठवतं, पण जीआरईच्या उताऱ्यात लेखक आपलं विधान क्वालिफाय करतो म्हणजे त्याला मर्यादा घालतो. 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे निःपक्षपाती. 'एनर्व्हेट'मध्ये एनर्जी ऐकू येते, अर्थ मात्र शक्ती काढून घेणं.

दुसरी चूक वाचनातली, आणि ती आपल्या भाषेच्या सवयीतून येते. मराठीत नकार बहुधा शेवटी येतो: 'तो हुशार आहे असं मला वाटत नाही.' आपलं लक्ष वाक्याच्या टोकाशी असतं. इंग्रजीत 'हार्डली', 'फार फ्रॉम', 'एनिथिंग बट' हे नकार आधीच येऊन जातात आणि नजर त्यांच्यावरून घसरते. 'हिज मेथड्स वर एनिथिंग बट केअरफुल' याचा अर्थ त्याची पद्धत मुळीच काळजीपूर्वक नव्हती, पण ती काळजीपूर्वक होती असं मला दर बॅचमध्ये कोणीतरी सांगतंच. मी मुलांना पर्याय हाताने झाकायला लावते. आधी वाक्य कुठे वळलं ते दाखवायचं, मग गाळलेल्या जागी आपला साधा शब्द घालायचा, मराठी सुचला तरी चालेल, आणि त्यानंतरच हात काढायचा. पर्याय आधी पाहिले की चुकीचा शब्दही बसल्यासारखा वाटतो.

उतारा आपल्या ओळखीच्या विषयावर असला की इंजिनिअर मुलं स्वतःच्या ज्ञानावर उत्तर देतात. उताऱ्यात नाही ते उत्तरात नाही, एवढंच.

उतारा न वाचता फक्त प्रश्नातले शब्द शोधत फिरण्याची युक्ती मला अजिबात मान्य नाही.

एकाही प्रश्नाचं उत्तर कोरं सोडू नका. चुकीला गुण कापत नाहीत. एका प्रश्नात चार मिनिटं अडकूही नका. व्हर्बलच्या पहिल्या सेक्शनला 12 प्रश्न आणि 18 मिनिटं, दुसऱ्याला 15 प्रश्न आणि 23 मिनिटं. पहिला कसा गेला यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते, म्हणून पहिल्यात सोपे प्रश्न घाईने घालवणं परवडत नाही. अवघड वाटला तर मार्क करून पुढे जा. त्याच सेक्शनमध्ये परत येता येतं.

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून जुनं पुस्तक आणताना साल बघा. सप्टेंबर 2023 मध्ये परीक्षा लहान झाली, आणि विरुद्धार्थी शब्द, अ‍ॅनॉलॉजी (शब्दांच्या जोड्यांमधलं नातं जुळवणं) हे प्रकार तर 2011 मध्येच गेले. अ‍ॅनॉलॉजी सोडवण्यात आठवडा घालवलेली मुलगी मला गेल्या वर्षीच भेटली.

जीआरई घेणारी संस्था ईटीएस पॉवरप्रेप नावाच्या दोन सराव टेस्ट फुकट देते. उत्साहाच्या भरात दोन्ही पहिल्याच शनिवार-रविवारी संपवू नका. एक सुरुवातीला द्या, घड्याळ लावून. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे एक ओळ लिहा: शब्द माहीत नव्हता, की वळण दिसलं नाही, की वेळ संपला. दुसरी टेस्ट परीक्षेच्या दहा दिवस आधीपर्यंत उघडू नका.