बॅकअप आहे म्हणता, पण परत येतो का? घरच्या कॉम्प्युटरबाबत या चुका टाळा

"सगळं डी ड्राइव्हमध्ये टाकून ठेवलंय, काळजी नाही." कॉम्प्युटर फॉरमॅटला देताना हे वाक्य हमखास ऐकू येतं. फॉरमॅटपुरतं ते खरंही असतं. दुकानदार सी ड्राइव्ह पुसतो, विंडोज नव्याने टाकतो आणि डी जसाच्या तसा राहतो. त्यामुळे डी म्हणजे तिजोरी अशी समजूत घरोघरी होऊन बसली आहे. पण घरच्या बहुतेक मशीनमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे पाडलेले दोन भाग असतात. डिस्क बसली की दोन्ही एकदमच जातात.

खात्री करायला दोन मिनिटं लागतात. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. खालच्या भागात डावीकडे 'डिस्क ०' असं लिहिलेलं दिसेल. त्याच आडव्या पट्टीत सी आणि डी शेजारी शेजारी असतील, तर तुमच्याकडे एकच डिस्क आहे आणि बॅकअप नाही. 'डिस्क १' अशी वेगळी ओळ असेल तर परिस्थिती थोडी बरी, पण तीही त्याच कॅबिनेटमध्ये, त्याच पॉवर सप्लायवर आहे. बॅकअप म्हणायचा तर तो मशीनच्या बाहेर हवा. छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे रूढ झालेला ३-२-१ नियम घरीही लागू पडतो: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक घराबाहेर. घराबाहेर म्हणजे बहिणीच्या घरी ठेवलेली हार्ड डिस्कसुद्धा चालते.

फाइल कॉपी केली की शॉर्टकट?

डेस्कटॉपवरचं सगळं सिलेक्ट करून पेनड्राइव्हवर टाकलं, अर्ध्या सेकंदात कॉपी झालं, आणि कोणाला संशय आला नाही. आयकॉनच्या डाव्या कोपऱ्यात वळलेला छोटा बाण असेल तर ती फाइल नव्हे, फाइलकडे जाणारी वाट आहे. राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' बघा. फोटोंच्या फोल्डरचा आकार एक-दोन केबी दाखवत असेल तर तुम्ही शॉर्टकट नेला आहे. मूळ फोल्डर आणि कॉपी या दोन्हींच्या प्रॉपर्टीजमधले आकडे, म्हणजे किती फाइल्स, किती फोल्डर आणि एकूण जागा, शेजारी ठेवून जुळवा. या एका सवयीने निम्मी दुखणी तिथल्या तिथे पकडली जातात.

उलट, काही मंडळी आख्खं 'प्रोग्राम फाइल्स' उचलून नेतात. त्याचा उपयोग जवळपास शून्य. नव्या विंडोजवर सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉलच करावं लागतं. त्यापेक्षा कोणती सॉफ्टवेअर होती त्यांची यादी आणि लायसन्स की लिहून ठेवा. हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरची तेवढी वेगळी आठवण ठेवा: डेटाचं फोल्डर तुमच्या डॉक्युमेंट्समध्ये असेलच असं नाही. टॅलीतच त्याचा पत्ता बघा, आणि कॉपी करताना टॅली बंद ठेवा.

'फाइल हिस्टरी' ही विंडोजमधली सोय चांगली आहे. कंट्रोल पॅनेलमधून सुरू केली की बाहेरची डिस्क जोडलेली असताना ती दर तासाला बदललेल्या फाइल्स उचलते. पण ती डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप अशा ठरावीक फोल्डरांपुरती. डीमध्ये तुम्ही स्वतः केलेलं 'घरचे फोटो' फोल्डर ती आपणहून घेत नाही. त्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'इन्क्लूड इन लायब्ररी' करावं लागतं. विंडोज ११ मध्ये हा पर्याय 'शो मोअर ऑप्शन्स'च्या आत दडलेला आहे.

मराठी टायपिंगची जुनी भानगड

हे कुठल्याच इंग्रजी गाइडमध्ये सापडणार नाही. श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या पॅकेजांच्या जुन्या, युनिकोड (कुठल्याही मशीनवर मराठी नीट दाखवणारी आजची पद्धत) नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेल्या फाइल्स अजून शेकडो घरांत आणि सोसायट्यांच्या ऑफिसांत पडून आहेत: सभेची इतिवृत्तं, वंशावळ, आजोबांनी टाइप करून घेतलेल्या आठवणी. बॅकअप नीट घेतला, नव्या मशीनवर आणला, वर्ड उघडलं, तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा. फाइल खराब झाली असं समजून लोक ती डिलीट करतात. फाइल धडधाकट असते, फक्त तो फाँट नव्या मशीनवर नसतो.

म्हणून जुनं मशीन चालू आहे तोवर विंडोजच्या 'फाँट्स' फोल्डरमधले मराठी फाँट वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करा. पॅकेजची सीडी आणि डोंगल (सॉफ्टवेअर चालायला मशीनला लावावी लागणारी छोटी किल्ली) असेल तर तेही जपा. महत्त्वाच्या कागदांची पीडीएफ करून घ्या, कारण पीडीएफ करताना फाँट सहसा आतच बसतो. सवड झाली की कन्व्हर्टर, म्हणजे जुन्या फाँटमधला मजकूर बदलून देणारं सॉफ्टवेअर, वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणा. जोडाक्षरं आणि रफार तेवढे डोळ्याखालून घाला, गडबड बहुतेक तिथेच होते.

'सगळं गुगलवर आहे'

गुगलची फुकट जागा १५ जीबी, त्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांचा वाटा. वनड्राइव्हची फुकट जागा ५ जीबी. विंडोज ११ मधलं 'विंडोज बॅकअप' नावाचं अ‍ॅपसुद्धा फाइल्स वनड्राइव्हवरच चढवतं, त्यामुळे ते फार लवकर भरतं आणि मग नव्या फाइल्स वर जायच्या थांबतात. भरल्याची सूचना येते, आपण ती बंद करतो.

त्याहून मोठा घोटाळा म्हणजे सिंक (कॉम्प्युटर आणि क्लाउड दोन्हीकडचं फोल्डर सतत सारखं ठेवणं) आणि बॅकअप एकच समजणं. कॉम्प्युटरवर फोल्डर डिलीट केलं की क्लाउडवरूनही जातं. गुगल ड्राइव्ह असो की वनड्राइव्ह, क्लाउडच्या ट्रॅशमध्ये ते ३० दिवस राहतं, त्यानंतर विसरायचं. वनड्राइव्हच्या फाइलपुढे नुसता ढग दिसत असेल तर ती फाइल तुमच्या मशीनवर नाहीच. क्लाउड वापरा, जरूर वापरा, घराबाहेरची प्रत म्हणून तो उत्तम. पण एकटा नको.

डिस्क घेताना आणि जोडताना

१ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. त्यात फसवणूक नाही, मोजायच्या दोन पद्धतींचा फरक आहे. फसवणूक असते ती चारपाचशे रुपयांत मिळणाऱ्या '२ टीबी' पेनड्राइव्हमध्ये. आत चिप लहानशी असते, आकडा मोठा दाखवलेला असतो आणि जागा संपली की पुढचा डेटा गुपचूप हरवतो. 'एचटूटेस्टडब्ल्यू' हे फुकट सॉफ्टवेअर पूर्ण डिस्क लिहून, परत वाचून खरा आकार सांगतं. नव्या, रिकाम्या डिस्कवर आधी तेच चालवा.

पेनड्राइव्हवर जागा असूनही लग्नाचा व्हिडिओ जात नसेल तर तो एफएटी३२ फॉरमॅटचा असणार. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. आतला डेटा काढून घेऊन एनटीएफएस किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

काम झालं की डिस्क काढून ठेवा. कायम यूएसबीला लटकलेली डिस्क वीज कडाडली तरी जाते आणि व्हायरस आला तरी जाते. मे २०१७ मध्ये फाइल्सना कुलूप लावून खंडणी मागणारा वॉनाक्राय हा व्हायरस जगभर पसरला तेव्हा त्याने सी ड्राइव्हबरोबर मशीनला जोडलेल्या बाकीच्या ड्राइव्हवरच्या फाइल्सही कुलूपबंद केल्या. काढताना 'सेफली रिमूव्ह' करा. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीसकट ठेवलेली बरी.

परत आणणं: खरी परीक्षा इथे

माझं मत विचाराल तर बॅकअप कोणत्या सॉफ्टवेअरने घेतला याला फारसं महत्त्व नाही. तो परत आणून पाहिला का, एवढाच प्रश्न आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका इंजिनिअरच्या हातून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला. सुमारे ३०० जीबीतले जेमतेम साडेचार जीबी उरले. त्यांच्याकडे बॅकअपचे एक-दोन नव्हे, पाच मार्ग होते, आणि वेळेला त्यांतला एकही नीट चालेना. रोजचा बॅकअप सॉफ्टवेअरच्या व्हर्जनचा मेळ नसल्याने कधीपासून फसत होता, आणि तसं सांगणारे ईमेल पोचतच नव्हते. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी काढलेली एक प्रत सापडली म्हणून निभावलं. ही पगारी इंजिनिअर मंडळींची कथा. घरी तर ईमेल पाठवणारंही कोणी नाही.

म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी एक जुना फोटो, एक एक्सेल शीट, एक मराठी पत्र बॅकअपमधून काढून शक्यतो दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. फाइल हिस्टरीत परत आणताना गिअरच्या चिन्हातला 'रिस्टोअर टू' निवडा आणि वेगळं फोल्डर द्या. नाहीतर आजच्या फाइलवर गेल्या महिन्याची फाइल बसायची. 'रिप्लेस' विचारणारी खिडकी आली की हात थांबवा, तारखा वाचा.

पूर्ण विंडोजसकट 'सिस्टीम इमेज', म्हणजे डिस्कची जशीच्या तशी प्रत, घेणाऱ्यांसाठी चार गोष्टी. डिस्कवर तयार झालेल्या 'विंडोजइमेजबॅकअप' फोल्डरचं नाव बदलू नका आणि ते दुसऱ्या फोल्डरच्या पोटात ढकलू नका, रिस्टोअर करताना विंडोजला ते सापडत नाही. इमेज परत टाकताना समोरच्या डिस्कवरचं सगळं पुसलं जातं. मूळ डिस्कपेक्षा लहान एसएसडीवर (फिरती तबकडी नसलेली, चिपची डिस्क) ती सहसा उतरत नाही. आणि मशीनच चालू होत नसेल तर इमेजपर्यंत पोचायला रिकव्हरी पेनड्राइव्ह लागतो. तो मशीन धड असताना बनवा, पेनड्राइव्ह रिकामा घ्या, बनवताना तो पुसला जातो. 'सिस्टीम रिस्टोअर' हे यातलं काहीच नाही. ते सेटिंग आणि ड्रायव्हर मागे नेतं, डिलीट झालेले फोटो आणत नाही.

नव्या लॅपटॉपवर आणखी एक अडथळा येतो. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की अनेक मशीनवर डिस्क एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय डेटा वाचता येऊ नये असं कुलूप, आपोआप सुरू होतं. मदरबोर्ड बदलला किंवा डिस्क दुसऱ्या मशीनला लावली की ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर असते. आजच शोधा आणि कागदावर लिहा. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर सेव्ह करून ठेवणारे महाभागही असतात.

डिस्क आजारी पडली असेल तर

'यू नीड टू फॉरमॅट द डिस्क' असा संदेश आला की 'कॅन्सल' दाबा. आधी केबल बदला, दुसरा पोर्ट, दुसरं मशीन लावून बघा. डिस्क दिसतेय पण फार रखडतेय, तर सगळ्यात महत्त्वाचं फोल्डर आधी कॉपी करा. चेकडिस्क (डिस्कमधले दोष शोधणारी विंडोजमधली सोय) चालवायची घाई नको, आजारी डिस्कला त्या कष्टात आणखी धाप लागते. फोल्डर उघडताना परवानगी नाही असं आलं तर घाबरू नका. जुन्या विंडोजच्या युजरचं फोल्डर नवं विंडोज आधी अडवतंच. ॲडमिनिस्ट्रेटर लॉगिनवरून 'कंटिन्यू' दाबून थांबा, फोटो खूप असतील तर बराच वेळ लागतो.

चुकून डिलीट झालेली फाइल परत आणायचं सॉफ्टवेअर त्याच ड्राइव्हवर इन्स्टॉल करू नका, नेमकी त्याच फाइलची जागा त्याखाली जायची. एसएसडी असेल तर आशा कमीच, कारण ट्रिम नावाच्या सोयीमुळे डिलीट झालेल्या जागा ती स्वतःच साफ करत असते. आणि हार्ड डिस्कमधून टिक-टिक, खरखर असा आवाज येत असेल तर तिची वीज लगेच बंद करा. 'एकदाच लावून बघू' म्हणत ती पुन्हा पुन्हा चालू करण्यात हेड तबकडीवर घासतं आणि डेटा रिकव्हरीवाल्याच्याही हाती काही उरत नाही. त्याच्याकडे नेताना डिस्क उघडू नका, नि आधी कोणी काय काय करून पाहिलं ते खरं सांगा.