पावडर कोटिंगखालचे फोड आणि शेवटच्या धुलाईचे पाणी

अंबड औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात विद्युत पॅनेलच्या लोखंडी पेट्या पावडर कोटिंगपूर्वी (म्हणजे कोरडी रंगपूड मारून ती भट्टीत पक्की करण्याआधी) डीग्रीझिंग (तेलकटपणा काढणे), डीरस्टिंग (गंज काढणे), ॲक्टिव्हेशन (फॉस्फेट नीट बसावे म्हणून पृष्ठभागाची तयारी), झिंक फॉस्फेटिंग (पावडर धरून ठेवणारा फॉस्फेटचा थर देणे) आणि पॅसिव्हेशन (तो थर गंजाविरुद्ध पक्का करणे) या टाक्यांतून जातात. पावसाळ्यात काही पेट्यांवर मोहरीएवढे फोड आल्याची तक्रार आली, तेव्हा सर्वांनी संशय पावडरवर घेतला. मला तो पटला नाही, कारण फोड खालच्या कडेलाच, म्हणजे पाणी निथळून जिथे शेवटी थांबते तिथेच, दाट होते.

फॉस्फेट झालेली एक पेटी उजेडात तिरकी धरली, तेव्हा राखाडी थरावर पांढरट ओघळ स्पष्ट दिसले. बोअरवेलच्या जड पाण्यातले क्षार तिथे सुकून राहत होते. असे क्षार पावडरच्या थरातून झिरपणारी आर्द्रता खेचून घेतात आणि थर पृष्ठभागापासून सुटतो, म्हणून वरून कोणतीही उंची पावडर मारली तरी फोड टळत नाहीत.

आता पॅसिव्हेशनचे द्रावण आणि त्यानंतरची धुलाई, दोन्हींसाठी क्षारमुक्त पाणी वापरतो. पेटीवरून गळणाऱ्या पाण्याची वाहकता (जितके क्षार जास्त, तितकी ती जास्त) प्रति सेंटीमीटर ५० मायक्रोसिमेन्सच्या आत आहे की नाही, हे रोज मोजतो. टाकीतले पाणी मोजून खरी स्थिती कळत नाही. आधीच्या धुलाईच्या टाक्यांत ओव्हरफ्लो सतत चालू असतो. पेट्या कोपऱ्यावर तिरक्या टांगून त्या लगेच ओव्हनमध्ये पूर्ण सुकवतो. त्यानंतरच्या पावसाळ्यात फोडांची तक्रार आली नाही.