तंगीच्या काळात बँकेने कापलेले शुल्क परत कसे मागावे

सातारा जिल्ह्यात माण-खटावात पाऊस हुकला किंवा सांगली जिल्ह्यात वाळवा-पलूसकडे कारखान्याचे ऊसबिल लांबले, की घरातल्या बचत खात्याची शिल्लक हळूहळू तळाला जाते आणि नेमकी त्याच वेळी बँकेची कपात सुरू होते. किमान शिल्लक ठेवली नाही म्हणून दंड, कर्जाचा हप्ता खात्यातून वळता झाला नाही म्हणून दंड, एसएमएसचे शुल्क आणि या प्रत्येकावर 18 टक्के जीएसटी. एकेक रक्कम पाहिली तर लहान वाटते, पण ती ज्याच्याजवळ सर्वांत कमी उरले आहे त्याच्याच खात्यातून जाते आणि महिनोन्‌महिने जात राहते. यातले बरेच पैसे परत मिळू शकतात. मात्र तंगी आहे म्हणून बँकेने शुल्क माफ केलेच पाहिजे, असा सरसकट नियम आपल्याकडे नाही. त्यामुळे मागणी दोन प्रकारची असते. बँकेने नियम मोडून जे कापले ते हक्काने मागायचे, आणि नियमात बसवून जे कापले त्यासाठी अडचण सांगून विनंती करायची. ही दोन्ही एकत्र कालवली, तर बँक दोन्हींना मिळून एकच नकार देते आणि हक्काची रक्कमही त्यात बुडते.

सुरुवात खात्याच्या उताऱ्यापासून करावी. पासबुकातल्या नोंदी फार त्रोटक असतात आणि कित्येकदा अनेक महिन्यांच्या नोंदी एकत्र करून छापलेल्या असतात. म्हणून शाखेतून किमान गेल्या एक वर्षाचे सविस्तर स्टेटमेंट घ्यावे. ‘मिन बॅल’ किंवा ‘एमएबी’ असे लिहिले असेल तर तो किमान शिल्लक न ठेवल्याचा दंड, ‘एसीएच रिटर्न’ किंवा ‘ईसीएस रिटर्न’ म्हणजे हप्ता परत गेल्याचे शुल्क, आणि ‘एसएमएस चार्ज’ कशाचा ते उघडच आहे. मे महिन्याच्या अखेरीस 436 किंवा 20 रुपये गेलेले दिसले, तर ते बहुधा जीवन ज्योती आणि सुरक्षा विमा योजनांचे वार्षिक हप्ते असतात. ते शुल्क नव्हे. पण आपण त्या योजनेच्या संमतीपत्रावर सही केल्याचे आठवत नसेल, तर संमतीची प्रत मागावी आणि ती मिळाली नाही तर रक्कम परत मागावी. वहीच्या एका पानावर प्रत्येक कपातीची तारीख, रक्कम, कारण, कपातीपूर्वीची आणि नंतरची शिल्लक लिहून काढावी. हे पान पुढे अर्जालाच जोडायचे आहे, म्हणून ते स्वच्छ अक्षरात असावे.

सर्वांत जास्त चुका किमान शिल्लकीच्या दंडात सापडतात. रिझर्व्ह बँकेने 20 नोव्हेंबर 2014 रोजी परिपत्रक काढून 1 एप्रिल 2015 पासून व्यापारी बँकांना, म्हणजे सरकारी आणि खासगी अशा दोन्ही बँकांना, याबाबत बंधने घातली. शिल्लक किमान मर्यादेखाली गेली की बँकेने आधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने खातेदाराला कळवायचे, शिल्लक पूर्ववत करण्यासाठी निदान एक महिना द्यायचा आणि त्यानंतरच दंड लावायचा. हा दंड सरसकट ठोक नसावा, तर जेवढी रक्कम कमी पडली तेवढ्याच्या प्रमाणात असावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, केवळ या दंडामुळे बचत खाते उणे होता कामा नये.

समजा, किमान शिल्लक एक हजार रुपये आहे, खात्यात चारशे आहेत आणि बँकेच्या तक्त्यात कमी पडलेल्या रकमेच्या 6 टक्के दंड लिहिला आहे. मग सहाशेच्या 6 टक्क्यांप्रमाणे दंड होतो 36 रुपये, आणि जीएसटी धरून 42 रुपये 48 पैसे. त्याऐवजी दीड-दोनशे गेलेले दिसत असतील, तर हिशोबच मागायला हवा. प्रत्येक बँकेला आपल्या सेवाशुल्कांचा तक्ता संकेतस्थळावर ठेवावा लागतो; तो उतरवून घेऊन वहीतल्या पानाशी ताडून पाहावा. खाते शून्यावर असताना दंड लावून ते उणे केले आणि पुढे अनुदान, पेन्शन किंवा मजुरी जमा होताच ती उणे रक्कम वळती करून घेतली, असे दिसले तर ती मूळ दंडाची नोंदच उलटवून मागावी. ऑगस्ट 2024 मध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले हप्ते जमा झाले, तेव्हा अनेक बहिणींच्या खात्यातून अशीच वसुली झाली आणि ती करू नये असे राज्य सरकारला बँकांना सांगावे लागले.

दोन वर्षे खातेदाराने स्वतः कोणताही व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय ठरते. अशा खात्यावर किमान शिल्लकीचा दंड लावता येत नाही आणि ते पुन्हा चालू करायला शुल्कही घेता येत नाही. 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेला हा नियम सहकारी बँकांनाही बंधनकारक आहे. शिवाय स्टेट बँकेने मार्च 2020 मध्ये आणि कॅनरा बँकेने जून 2025 पासून बचत खात्यांवरचा हा दंड बंदच केला, त्यानंतर इतर काही राष्ट्रीयीकृत बँकांनीही तोच निर्णय घेतला. त्यामुळे आपल्या बँकेने दंड कधी बंद केला ती तारीख पाहावी आणि त्यानंतरची एकही नोंद सोडू नये. जुन्या खातेदारांनी आणखी एक लक्षात घ्यावे. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक 2006 मध्ये आयडीबीआय बँकेत आणि सांगली बँक 2007 मध्ये आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. वडिलांच्या काळातले खाते आजही चालू असेल, तर त्याला आजच्या बँकेचा तक्ता लागू होतो, जुन्या पासबुकावर छापलेली अट नव्हे.

कर्जाच्या हप्त्याचे प्रकरण अधिक वेदनादायक असते, कारण त्यात माणूस दोन्हीकडून कापला जातो. ज्या बँकेत बचत खाते आहे ती हप्ता परत गेल्याचे शुल्क घेते, आणि कर्ज देणारी संस्था आपले वेगळे दंडशुल्क कर्जाच्या खात्याला टाकते. तोच हप्ता संस्थेने महिन्यात दोन-तीनदा लावून पाहिला, तर शुल्कही तितक्या वेळा जाते. रिझर्व्ह बँकेच्या 18 ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकानुसार व्यापारी बँका, नागरी सहकारी बँका आणि वित्त कंपन्या यांना थकबाकीवर दंड म्हणून जादा व्याजदर लावता येत नाही. फक्त वाजवी दंडशुल्क लावता येते आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. नव्या कर्जांना हा नियम 1 एप्रिल 2024 पासून लागू झाला. म्हणून कर्जखात्याचाही उतारा घ्यावा आणि दंडाची रक्कम मुद्दलात मिसळून तिच्यावर व्याज धरले आहे का, हे ओळीओळीने पाहावे. बचत खात्यातून गेलेले हप्ता परतीचे शुल्क मात्र बहुधा नियमात बसणारे असते. ते विनंतीच्या भागात टाकावे.

कृष्णाकाठच्या गावांसाठी एक वेगळी वाट आहे. 2019 आणि 2021 च्या महापुरात ज्यांचे घर, दुकान किंवा पीक गेले त्यांना हे ठाऊक असायला हवे होते आणि पुढे अशी वेळ आली तर ठाऊक असावे. नैसर्गिक आपत्तीतील मदतीबाबत रिझर्व्ह बँकेने 2018 मध्ये काढलेल्या निर्देशांत, बाधित भागातील शेतीकर्जाच्या खात्याला नेहमीच्या व्याजाखेरीज टाकलेले सर्व आकार शेतकऱ्याची अडचण पाहून उलटवता येतील, आणि हप्त्याला उशीर झाल्याचे शुल्कही माफ करता येईल, असे म्हटले आहे. हे बँकेच्या मर्जीवर आहे, सक्तीचे नाही. तरीही अर्जात या निर्देशांचा उल्लेख केला आणि सोबत पंचनाम्याची प्रत जोडली, तर शाखा व्यवस्थापकाला वरच्या कार्यालयाकडे शिफारस करायला आधार मिळतो.

अर्ज देण्यापूर्वी, किंवा निदान त्याच दिवशी, पुढची गळती बंद करावी. आपले बचत खाते ‘मूलभूत बचत ठेव खाते’ या प्रकारात बदलून द्या, असे लेखी मागता येते. या खात्याला किमान शिल्लकीची अट नसते, एटीएम कार्ड मोफत असते आणि महिन्यातून निदान चार वेळा पैसे विनाशुल्क काढता येतात. अट एवढीच की त्या बँकेत आपले दुसरे बचत खाते असता कामा नये. जनधन खाते याच प्रकारचे आहे. केवायसीची, म्हणजे ओळख आणि पत्त्याची, कागदपत्रे मात्र पूर्ण द्यावीत. अपुऱ्या कागदपत्रांवर उघडलेल्या ‘लहान खात्या’त वर्षाला एक लाखापेक्षा जास्त रक्कम जमा होऊ शकत नाही, आणि ऊसबिल किंवा बेदाण्याच्या विक्रीची पट्टी त्याच खात्यावर येणार असेल तर ते ऐनवेळी अडते. हप्त्याच्या बाबतीत कर्ज देणाऱ्या संस्थेला तारखेच्या आधीच लेखी कळवावे आणि पैसे हातात येण्याच्या सुमाराची तारीख मागून घ्यावी.

अर्ज मराठीतच लिहावा आणि एका पानात बसवावा. बँकेने काय वाईट केले यावर त्यात शब्द खर्च करू नयेत. तारखा आणि रकमाच पुरेशा बोलतात. पुढील मसुदा आपल्या तपशिलाप्रमाणे बदलून वापरता येईल.

‘मा. शाखा व्यवस्थापक यांस, स. न. वि. वि. माझे आपल्या शाखेत बचत खाते असून त्यातून सोबत जोडलेल्या यादीप्रमाणे शुल्काच्या रकमा कापल्या गेल्या आहेत. यादीतील ‘अ’ भागातील रकमा किमान शिल्लक न ठेवल्याच्या कारणावरून कापल्या असून, त्यापूर्वी मला एक महिन्याची सूचना मिळालेली नाही व या कपातीमुळे माझे खाते उणे झाले आहे. हे रिझर्व्ह बँकेच्या दि. 20 नोव्हेंबर 2014 च्या परिपत्रकाशी विसंगत असल्याने सदर रकमा जीएसटीसह माझ्या खात्यात परत जमा कराव्यात. सूचना पाठवली असल्यास तिची तारीख व प्रत द्यावी. ‘ब’ भागातील रकमा हप्ता परत गेल्याबद्दलच्या आहेत. गेल्या हंगामाचे ऊसबिल अद्याप न मिळाल्याने माझ्या कुटुंबाचे उत्पन्न थांबले असून त्याची कागदपत्रे सोबत जोडली आहेत. ही अडचण लक्षात घेऊन सदर रकमा सहानुभूतीने परत कराव्यात, ही विनंती. आपला निर्णय मला लेखी कळवावा.’

अडचणीचा पुरावा म्हणून आपल्या परिस्थितीला लागू असेल ते जोडावे. ऊस उत्पादकाने कारखान्याच्या वजनपावत्या, विट्याच्या किंवा माधवनगरच्या यंत्रमाग कामगाराने काम बंद झाल्याचे मालकाचे पत्र, आजारपणात दवाखान्याची बिले, आणि काहीच हाताशी नसेल तर तहसील कार्यालयातून मिळणारा उत्पन्नाचा दाखला. मूळ कागद कधीही देऊ नयेत.

अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि सही घेऊन पोच घ्यावी. काउंटरवर ‘साहेब नाहीत, तोंडी सांगतो’ असे उत्तर मिळाले तरी पोच घेतल्याशिवाय निघू नये, कारण पुढची सगळी मुदत त्या शिक्क्यावरच्या तारखेपासून मोजली जाते. अर्ज स्वीकारलाच नाही तर तो स्पीड पोस्टने पाठवावा आणि बँकेच्या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवावा. शाखेतल्या कर्मचाऱ्याशी वाद घालून काही साधत नाही. दंड त्याने लावलेला नसतो, संगणक लावतो, आणि नोंद उलटवण्याची शिफारस मात्र त्याच्याच हातून जायची असते. काही रक्कम देऊन ‘संपूर्ण समाधान झाले’ अशा कागदावर सही मागितली, तर उरलेल्या रकमेचा निर्णय लेखी मिळेपर्यंत ती करू नये.

तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. 2021 मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक लोकपाल योजनेमुळे देशभरातल्या तक्रारींना एकच दार आहे. ‘सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन’ या संकेतस्थळावर मोबाइल क्रमांकाने नोंद करून तक्रार, पोच आणि यादी चढवावी. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी चंदीगड येथील रिझर्व्ह बँकेच्या तक्रार केंद्राकडे टपालाने लेखी तक्रार पाठवावी. 14448 या क्रमांकावर मराठीतही माहिती मिळते. यासाठी शुल्क नाही, वकील लागत नाही, किंबहुना वकिलामार्फत केलेली तक्रार घेतलीच जात नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा नसेल तर तक्रार पहिल्याच पायरीवर फेटाळली जाते. तीस दिवस झाले की लगेच तक्रार करावी. महिने जाऊ दिले तर मुदत निघून जाण्याचा धोका असतो. शुल्क परत मिळवून देतो असे सांगणारा फोन आला आणि ओटीपी किंवा कार्डाचा क्रमांक मागू लागला, तर तो ठकच समजावा आणि पैसे गेले असतील तर तत्काळ सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर कळवावे.

सांगली आणि सातारा या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत पतसंस्थांचे जाळे मोठे आहे आणि त्यांची गोष्ट निराळी आहे. पतसंस्था ही बँक नव्हे. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली चालते आणि रिझर्व्ह बँकेचा लोकपाल तिच्याविरुद्धची तक्रार घेत नाही. तिथे आधी संस्थेच्या अध्यक्षांच्या नावे अर्ज द्यावा, आणि दाद लागली नाही तर तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे व पुढे जिल्हा उपनिबंधकाकडे जावे. बँक असो वा पतसंस्था, सांगली आणि सातारा या दोन्ही ठिकाणी जिल्हा ग्राहक आयोग आहे; पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही आणि कपातीपासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. दोन-तीनशे रुपयांसाठी आयोगापर्यंत जाणे परवडणारे नाही, पण कर्जखात्यात वर्षानुवर्षे दंडावर व्याज चढवून हजारोंची रक्कम उभी केली असेल तर जरूर जावे. रक्कम परत जमा झाली की पासबुक भरून घ्यावे आणि प्रत्येक दंडासोबत त्यावरचा जीएसटीही परत आला आहे का, हे वहीतल्या यादीशी ताडून पाहावे.