जर्मनीत शिकता शिकता नोकरी: टपालपेटी, तास आणि पगारपत्रक

सुरुवात टपालपेटीपासून करा. पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, झाली की केंद्रीय करकार्यालयाकडून अकरा आकडी श्टॉयर-आयडी, म्हणजे करओळख क्रमांक, साध्या टपालाने येतो, बहुधा दोन-चार आठवड्यांत. इथे पत्त्यात फ्लॅट नंबर सहसा नसतो, पोस्टमन पेटीवरचं नाव बघतो. नाव नसेल तर पत्र परत जातं. आपल्याकडे नाव-वडिलांचं नाव-आडनाव अशी रांग, त्यात काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा! म्हणून नोंदणीच्या कागदावर जसं छापलंय, तसंच पेटीवर चिकटवा. आयडी पुन्हा मागवता येतो, पण तोही टपालानेच. फोनवर किंवा ईमेलवर कुणी सांगत नाही.

आयडी कंपनीला दिलाच नाही, तर पगार करवर्ग ६ मध्ये जाऊ शकतो. या वर्गात करमुक्त मर्यादा मिळत नाही. एकट्या माणसाचा वर्ग १. दुसरी नोकरी धरलीत तर तिला वर्ग ६ लागतो, म्हणून मुख्य नोकरी कोणती हे दोन्हीकडे स्पष्ट सांगा.

२०२६ साठी किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. महिन्याला ६०३ युरोपर्यंतचं काम म्हणजे मिनीजॉब. त्यातून सहसा फक्त ३.६ टक्के पेन्शन जाते, तीही नको असेल तर कंपनीला लेखी अर्ज द्यायचा. त्याहून जास्त कमाईला वेर्कश्टुडेंट, म्हणजे नोकरदार विद्यार्थ्याचा, करार. त्यात पेन्शनचे जास्तीत जास्त ९.३ टक्के कापतात, महिन्याला २,००० युरोपर्यंतच्या पगारावर त्याहून कमी. आरोग्यविम्याचा हप्ता पगारातून जात नाही, तो तुमचा तुम्हाला भरायचा. आठवड्याला २० तास किमान वेतनावर केले तर महिन्याला सुमारे १,२०० युरो होतात, पैकी साधारण ८० पेन्शनला. वर्ग १ मध्ये एवढ्यावर आयकर शून्य.

खरी गफलत होते ती तासांत, कारण नियम दोन आहेत आणि लोक ते एकच समजतात. पहिला विम्याचा: सत्र चालू असताना सगळ्या नोकऱ्या मिळून आठवड्याला २० तास. दोन ठिकाणी १२-१२ तास केले की विद्यार्थी-सवलत जाऊ शकते आणि आरोग्यविम्यासकट सगळे हप्ते पगारातून कापले जातात. सुट्टीत जास्त तास चालतात. दुसरा नियम व्हिसाचा: वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस. चार तासांपर्यंतचं काम अर्धा दिवस धरतात, साडेचार तास केले की पूर्ण दिवस गेला. विद्यापीठातली सहायकाची नोकरी या दिवसांत मोजत नाहीत, म्हणून मिळाली तर तीच धरा. 'बिल लावून पैसे घे' म्हणणाऱ्या डिलिव्हरीवाल्यांपासून मात्र लांब राहा. तो स्वतंत्र व्यवसाय ठरतो आणि त्याला परदेशी नागरिक कार्यालयाची वेगळी परवानगी लागते.

सुट्टीत दोन महिने पूर्णवेळ काम केलंत की पगारपत्रकावर कर दिसेल. मासिक कापणीत असं गृहीत धरतात की तुम्ही वर्षभर तेवढंच कमावणार. प्रत्यक्षात २०२६ ची मूळ करमुक्त मर्यादा १२,३४८ युरो आहे, शिवाय नोकरीच्या खर्चापोटी १,२३० युरो वजा होतात. वर्षाची कमाई त्याच्या आत असली, तर आयकर विवरण भरून कापलेला आयकर सगळा परत मिळतो. पेन्शनचा हप्ता मात्र यात येत नाही.

विवरण करखात्याच्या एल्स्टर पोर्टलवर फुकट भरता येतं. नोंदणी करताना सक्रियण-संकेत टपालाने येतो (पुन्हा टपालपेटी!), म्हणून निदान दोन आठवडे आधी अर्ज करा. फेब्रुवारीअखेर कंपनी वार्षिक वेतन-प्रमाणपत्र देते; त्यातले आकडे 'अनलागे एन' या जोडपत्रात जातात. मास्टर्स करणाऱ्यांनी सत्रशुल्क, पुस्तकं आणि अभ्यासासाठी घेतलेल्या लॅपटॉपचा खर्चही तिथे मांडावा. भारतात पदवी झाली असेल तर हे दुसरं शिक्षण ठरतं आणि खर्च कमाईपेक्षा जास्त असेल तर तो तोटा पुढच्या वर्षांत ओढता येतो. पावत्या पाठवायच्या नाहीत, पण जपून ठेवा. विवरण भरण्याची सक्ती नसेल तर चार वर्षं मुदत असते, म्हणजे २०२५ चं विवरण ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत चालतं.

भारतात कायमचे परतलात तर पेन्शनचा स्वतःचा हिस्सा परत मागता येतो. अट अशी की हप्ते ६० महिन्यांपेक्षा कमी भरलेले हवेत आणि सक्तीचा विमा संपून २४ महिने उलटलेले हवेत. त्या अर्जात सामाजिक विमा क्रमांक लागतो, तेव्हा त्याचं पत्र स्कॅन करून ठेवा.