जेरोनिमोचा एकपात्री प्रयोग: या चुका टाळा

जेरोनिमो म्हणजे मेक्सिको आणि अमेरिकेच्या सैन्याशी लढलेला अपाची आदिवासींचा पुढारी. त्याच्यावरचा एकपात्री प्रयोग पडला की खापर नटाच्या डोक्यावर फुटतं. आवाज पोचला नाही, उभं राहणं जमलं नाही, वगैरे. माझ्या मते घोळ त्याआधीच, संहितेत झालेला असतो. हा माणूस कोणाशी बोलतोय हेच कुणी ठरवलेलं नसतं, मग नट शेवटच्या रांगेकडे बघून भाषण ठोकत सुटतो.

खरं तर ऐकणारा इतिहासानेच तयार ठेवलाय. १९०५-०६ मध्ये ओक्लाहोमातल्या फोर्ट सिलला युद्धकैदी असलेल्या म्हाताऱ्या जेरोनिमोने आपली हकिगत एस. एम. बॅरेट या शिक्षणाधिकाऱ्याला सांगितली. दुभाषा होता एसा डाकलुगी, म्हणजे जेरोनिमोचा लढाईतला साथीदार जू याचा मुलगा. लष्कराने आधी नकार दिला होता, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या परवानगीमुळे काम पुढे गेलं. काय सांगायचं ते तो मनाशी ठरवून यायचा आणि तेवढंच सांगायचा. मध्ये कुणी प्रश्न विचारलेला चालायचा नाही, लघुलेखक तर समोरही नको. स्वगताला याहून चांगलं निमित्त कुठलं मिळणार? रंगमंचावर दोन रिकाम्या खुर्च्या ठेवा, एक लिहिणाऱ्याची, एक दुभाष्याची. नजर कुठे ठेवायची हा नटाचा प्रश्न तिथेच सुटतो. शिवाय एखादं जड वाक्य टाकून त्याने दुभाष्याच्या खुर्चीकडे पाहिलं, की ‘हा नीट सांगेल ना?’ ही शंका न बोलता पोचते.

एकदा ही चौकट पक्की केली की विशीतला जेरोनिमो, पन्नाशीतला जेरोनिमो असे विग बदलत बसायची गरज नाही. म्हातारा सांगतोय, पुरे.

सर्वांत जास्त हानोसचा प्रसंग बिघडतो. मेक्सिकोतल्या या गावाबाहेर अपाचींचा तळ होता. पुरुष गावात व्यापाराला गेले असताना मेक्सिकन सैन्याने तळावर हल्ला केला. जेरोनिमोची आई, बायको अलोपे आणि तीन मुलं मारली गेली. (त्याच्या आत्मकथनात साल १८५८ आहे, संशोधक १८५१ मानतात. त्यामुळे निवेदनात साल घालूच नका.) आपल्याकडे इथे हमखास लाल स्पॉट, ढोल आणि किंकाळी येते. त्याने स्वतः सांगितलेलं याच्या अगदी उलट आहे: रात्री ठरलेल्या जागी सगळे गुपचूप जमले, मोजदाद झाली, आपलं कुणीच उरलं नाही हे कळलं. दिवा नव्हता. तो नदीकाठी जाऊन नुसता उभा राहिला. म्होरक्या मांगास कोलोरादासने मृतांना तसंच सोडून परत फिरायला सांगितलं, आणि हा मागोमाग चालत राहिला. नटाला रडू देऊ नका. प्रकाश जरा उतरवा, पार्श्वसंगीत बंद ठेवा. ध्वनिवाला कुरकुरेल, कुरकुरू दे.

वेशभूषेत पिसांचा भलामोठा मुकुट आणि मागे शंकूसारखा तंबू दिसला, की समजायचं अभ्यास झालेला नाही. ती मैदानी प्रदेशातल्या जमातींची ओळख. जेरोनिमोच्या शाखेच्या, म्हणजे चिरिकाहुआ अपाचींच्या डोक्याला कापडी पट्टा, पायात उंच मोकॅसिन, राहायला झाडपाल्याची घुमटाकार झोपडी. चेहरा तांबडा रंगवणं तर सोडाच. बासरीचे तयार ट्रॅकही नकोत. अपाचींचं स्वतःचं तंतुवाद्य आहे, घायपाताच्या दांड्याचं, घोड्याच्या केसांची तार लावलेलं.

भाषेचं म्हणाल, तर त्याला तोडकीमोडकी मराठी देऊ नका. तो स्वतःच्या भाषेत बोलतोय, तिथे तो अडखळत नव्हता.

संहिता एकसुरी वाटत असेल, तर बहुधा त्याला निव्वळ महानायक केलेलं असतं. १८८६ मध्ये त्याला शरण येण्यासाठी निरोप घेऊन गेलेले कायिताह आणि मार्टिन हेही अपाचीच होते, अमेरिकी लष्कराचे स्काऊट, म्हणजे माग काढणारे. ४ सप्टेंबरला स्केलेटन कॅन्यनमध्ये जनरल माइल्सपुढे तो शरण आला. पुढे शांतपणे राखीव क्षेत्रात राहिलेले चिरिकाहुआही कैदी म्हणून फ्लोरिडाला धाडले गेले, आणि हे दोन स्काऊटसुद्धा! अनेकांनी त्याबद्दल जेरोनिमोला दोष दिला. हा आरोप एकदा तरी त्याच्या कानावर येऊ द्या. दुभाष्याची खुर्ची इथेही कामी येते: डाकलुगीही या कैद्यांतलाच.

शरणागतीवर पडदा पाडणं हीही चूकच. त्यानंतर तो तेवीसेक वर्षं जगला, १९०९ मध्ये वारला तेव्हाही कैदीच होता. १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक मेळ्यात तो आपले फोटो पंचवीस सेंटला विकायचा. त्यातले दहा सेंट त्याचे. सहीचे पैसे वेगळे, ते मात्र सगळे त्याचेच. रंगमंचावर हा व्यवहार होऊ द्या: गिऱ्हाइकाची नाणी मोजणं, दहा बाजूला काढणं, उरलेली पुढे सरकवणं. लोक आधी हसतील. हसू दे, घाईने पुढचं वाक्य टाकू नका.

आणि तिसऱ्या घंटेआधी घोषणा करणाऱ्याचा कागद स्वतः वाचा. त्यावर ‘अपाचींचा महान राजा’ लिहिलेलं असेल तर खोडा. जेरोनिमो राजा तर नव्हताच, वंशपरंपरेचा प्रमुखही नव्हता. शेवटच्या काळात ते स्थान आधीचा प्रमुख कोचीझ याचा मुलगा नायचे याचं होतं. जेरोनिमो हा वैदू आणि लढाईतला पुढारी, एवढं लिहिलं की झालं.