हिवाळ्याआधी परसबाग झाकताना: थंड देशातल्या पहिल्या वर्षासाठी

थंड देशात पहिल्यांदाच परसात भाजी लावली असेल, तर ऑक्टोबरच्या सुमारास हमखास वाटतं की एक शनिवार काढावा, सगळी झाडं उपटावीत, वाफे खणून लख्ख करावेत आणि मार्चपर्यंत तिकडे बघू नये. उष्ण प्रदेशात जमीन उघडी टाकून तापू देण्यात अर्थ असतो, उन्हाने कीड मरते. इथे मात्र उघड्या मातीवर पाऊस आणि वितळता बर्फ पडून ती दबते, नत्र धुऊन जातं आणि तणांना आयती जागा मिळते. म्हणून इथे बाग साफ कमी करायची, झाकायची जास्त. हे काम सहा-आठ आठवडे थोडं थोडं चालतं, आणि तेही कॅलेंडरपेक्षा पारा बघून. (महिने उत्तर गोलार्धातले दिले आहेत, दक्षिणेत असाल तर सहा महिने पुढे मोजा.)

पहाटे गवतावर पांढरी साय दिसते, तो फ्रॉस्ट. ॲपवर रात्रीचं तापमान ३ अंश दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका. तो आकडा जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवरचा असतो. आकाश निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल, तर जमिनीलगत पारा शून्याखाली जातो. ढगाळ रात्री तोच ३ चा आकडा सहसा काही बिघडवत नाही.

टोमॅटो, मिरची, वांगी, काकडी, घेवडा यांना पहिलाच फ्रॉस्ट पुरतो. सकाळी पानं उकडल्यासारखी लोंबतात. फळं आदल्या दिवशीच काढा. पूर्ण वाढलेले, हिरवा रंग फिका पडू लागलेले टोमॅटो घरात १८ ते २१ अंशांवर पिकतात. त्यांना ऊन लागत नाही. खोक्यात एका थरात ठेवा, सोबत एक पिकलेलं सफरचंद किंवा केळं ठेवलं की त्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने फळं लवकर पिकतात. फ्रिजमध्ये ठेवलेले पिकत नाहीत. गडद हिरवे, कडक, लहान टोमॅटो पिकण्याची वाट बघू नका, त्यांची चटणी करून मोकळे व्हा. लाल भोपळा देठ ८-१० सेंमी ठेवून कापा, देठ मोडला की तिथूनच सड सुरू होते.

गाजर, केल (कोबीच्या कुळातली पालेभाजी), पालक, लीक (कांद्याच्या कुळातली जाड दांड्याची भाजी) यांना मात्र हात लावायची घाई करू नका. थंडी वाढली की ही झाडं साठवलेल्या स्टार्चची साखर करतात, कारण साखर मिसळलेला पेशीरस लवकर गोठत नाही. फ्रॉस्टनंतरचं गाजर गोड लागतं ते यामुळे. गाजराच्या ओळीवर ३० सेंमी पेंढा किंवा पानं घातली, तर बर्फ पडल्यावरही खणून काढता येतं. ओळीच्या दोन्ही टोकांना उंच काठ्या रोवा, नाहीतर बर्फाखाली ओळ सापडत नाही.

उपटायचं की कापायचं

निरोगी झाड मातीलगत कापा, मुळं आत राहू द्या. ती कुजून पोकळ्या राहतात, पाणी मुरतं आणि माती विसकटत नाही. घेवडा-वाटाण्याच्या मुळांवर मोहरीएवढ्या गाठी दिसतील, त्या नत्राच्या. त्या जमिनीतच हव्यात. कोबीवर्गातल्या झाडाची मुळं बोटांसारखी सुजलेली असतील, तर तो गाठीचा रोग. ती मुळं सगळीच्या सगळी काढून कचऱ्यात टाका आणि त्या वाफ्यात बरीच वर्षं कोबी, फ्लॉवर, मुळा लावू नका, कारण त्याचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतात.

करपा आलेले टोमॅटो-बटाटे कंपोस्टमध्ये नकोत. रोगाचे जंतू आणि तणांचं बी मरायला ढीग ५५ अंशांच्या वर तापावा लागतो, आणि परसातला छोटा ढीग बहुधा तेवढा तापत नाही. उशिरा येणारा करपा जिवंत पेशींवर तगतो, म्हणून जमिनीत चुकून राहिलेला एखादा बटाटासुद्धा पुढच्या वर्षी तो परत आणू शकतो. बटाट्याचा वाफा नीट चाळा.

माती

माती तपासायची तर आत्ताच. पाच-सहा ठिकाणची १५ सेंमी खोलीपर्यंतची माती मिसळून नमुना द्या. भाज्यांना साधारण ६ ते ६.८ सामू (pH) मानवतो. कमी निघाला तर चुना आत्ता घाला, त्याला काम करायला महिने लागतात. नत्राचं रासायनिक खत मात्र अजिबात नको, वसंतापर्यंत ते वाहून गेलेलं असेल.

वर ३ सेंमी कंपोस्ट पसरा. १ मीटर बाय २.५ मीटरच्या वाफ्याला ७५ लिटर लागतं. खणून मिसळायची गरज नाही. ताजं शेणखत वापरायचं असेल, तर ते घातल्यापासून काढणीपर्यंत किमान १२० दिवस जायला हवेत. विकतच्या शेणखतात किंवा पेंढ्यात कधीकधी तणनाशकाचा अंश असतो. कुंडीत ते खत मातीत मिसळून घेवड्याचे चार दाणे लावा. कोवळी पानं चुरगळून वाकडी आली, तर ती गोणी वाफ्यात रिकामी करू नका.

त्यावर १०-१५ सेंमी झडलेली पानं. आख्खी पानं भिजली की ओल्या पुठ्ठ्यासारखी चिकटतात आणि खाली हवा जात नाही, म्हणून गवत कापायचं मशीन दोनदा फिरवून चुरा करा. काळ्या अक्रोडाची पानं घेऊ नका, टोमॅटोला ती बाधतात. पेंढा चालतो, पण जनावरांचं वाळलं गवत आणलंत तर सोबत त्याचं बीही आलं. परसात फळझाड असेल, तर आच्छादन खोडापासून हातभर लांब ठेवा. त्याखाली उंदीर घर करतात आणि हिवाळाभर साल कुरतडतात.

लसूण

सगळं बंद होताना एवढंच पीक सुरू होतं. पहिल्या फ्रॉस्टनंतर, पण जमीन गोठायच्या तीन-चार आठवडे आधी लावा. कडक थंडीच्या भागात मधे कडक दांडा असणारी जात निवडा. गड्ड्यातल्या मोठ्या पाकळ्या घ्या, लहान स्वयंपाकाला. टोक वर, पाकळीवर ५ सेंमी माती, दोन पाकळ्यांत १५ सेंमी, दोन ओळींत २० सेंमी. एका चौरस मीटरमध्ये तीसेक बसतात. फार लवकर लावला तर पात उंच येऊन थंडीत भाजते. उशीर झाला तर मुळं धरत नाहीत, आणि माती गोठते-सुटते तेव्हा पाकळ्या वर फेकल्या जातात. हे टाळायलाच वर १०-१५ सेंमी पेंढा घालायचा. काढणी पुढच्या जुलैत.

पाणी

बागेत सगळ्यात महाग पडते ती चूक इथली. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि धातूची नळीसुद्धा फाडतं. आधी होजपाइप काढा, मग घरातला व्हॉल्व्ह बंद करा, मग बाहेरचा नळ उघडून राहिलेलं पाणी गळू द्या आणि तसाच उघडा ठेवा. ‘आमचा नळ फ्रॉस्ट-फ्री आहे’ यावर विसंबू नका. त्यात पाणी भिंतीच्या आत, उबेत बंद होतं आणि पुढच्या नळीतलं ओघळून जातं, पण पाइप लावलेला राहिला तर ते ओघळतच नाही. मग नळी भिंतीत फाटते. हिवाळाभर पत्ता लागत नाही. वसंतात नळ सोडला की बाहेर बारीक धार आणि आत भिंत ओली. म्हणून पहिल्यांदा नळ सोडताना एकाने आत उभं राहावं.

ठिबकच्या नळ्यांची टोकं उघडून पाणी काढा. फिल्टर, प्रेशर रेग्युलेटर आणि टायमर घरात. टायमरचे सेल काढायचे. पावसाच्या पाण्याचं पिंप रिकामं करून पालथं घाला. मातीच्या कुंड्या रिकाम्या करून आत न्या.

अवजारांवरची माती खरवडा, गंज घासा, लाकडी दांड्याला जवसाचं तेल पुसा. पुसलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका: हे तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. चिंधी बाहेर पसरून वाळवा.

हिवाळ्यात बर्फ ओढाल तेव्हा रस्त्यावरचा मीठ घातलेला बर्फ वाफ्यावर टाकू नका. आपोआप पडलेला बर्फ मात्र राहू द्या, मातीला तो गोधडीच असतो. मार्चमध्ये ऊन पडलं की वाफ्यात उतरावंसं वाटेल. आधी मूठभर माती दाबून बघा. गोळा टिचकीने फुटला तर उतरा. चिकट राहिला किंवा पाणी सुटलं तर आणखी आठवडाभर थांबा, नाहीतर तुमच्याच पावलांनी ती विटेसारखी दबेल.